नाव विचारायला वेळ लागतो

(रुग्णालयांतील नोंदणी कर्मचाऱ्यांसाठी यवतमाळ जिल्ह्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

तुमच्यापैकी बरेच जण लवकरच कुठल्या ना कुठल्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर बसतील, आणि काही जण पुढे त्या खिडक्यांवर देखरेख करतील. वरून तुम्हाला एकच आकडा विचारला जाईल: तासाला किती केसपेपर निघाले? मी नेमकी त्या आकड्याविरुद्ध बोलायला आले आहे. आपल्याकडे नोंदणी बिघडते ती बहुतेक वेळा घाईनं, आणि ती घाई खिडकीवरच्या पोराची नसते. ती त्याच्या मागे उभ्या असलेल्या सुपरवायझरची असते.

सकाळच्या एसटी आणि काळीपिवळ्या आल्या की साडेनऊपासून रांग दाराबाहेर जाते. बाजाराच्या दिवशी तर विचारूच नका. दुपारची गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत बसून राहावं लागतं, म्हणून माणसं कावलेली असतात. अशा गर्दीत एक बाई येते, नाव सांगते सुनीता. त्याच गावच्या, त्याच आडनावाच्या तीन सुनीता कॉम्प्युटरवर दिसतात. घाईतला क्लार्क काय करतो? चौथी सुनीता तयार करतो. अर्ध्या मिनिटात काम, रांग पुढे. माझ्या हाताखालच्या क्लार्क मुलांना मी इथं थांबायला सांगते.

“मावशी, याच्या आधी इथं आल्या होत्या का?”

“आली होती ना बापा. पोरीच्या टायमाले. तवा भावानं नाव सांगतलं होतं.”

झालं. भावानं सांगितलं म्हणजे माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं गाव. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तो केसपेपर तिकडच्या नावानं. आधार कार्डावर सासरचं नाव, जन्मतारीख १ जानेवारी, कारण कार्ड काढताना खरी कोणालाच ठाऊक नव्हती. तिचे सगळे जुने कागद त्या माहेरच्या नावाखाली पडलेले असतात, आणि ते सापडायला एक जादा प्रश्न लागतो.

हा प्रश्न चुकला तर काय होतं, ते सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णात दिसतं. विदर्भात हा आजार किती आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. हाडं फुटल्यासारख्या वेदना घेऊन पोरगं येतं. जुना नंबर सापडला तर डॉक्टरांपुढे सगळं असतं: तो वाहक आहे की रुग्ण, रक्त किती वेळा चढवलं, त्यावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कधी सुरू केलं. नंबर नाही सापडला तर पुन्हा पहिल्यापासून विचारणा, पुन्हा तपासणी, आणि ते पोरगं तोवर स्ट्रेचरवर तळमळतंय. म्हणून केसपेपरला मी कारकुनी काम म्हणत नाही. उपचार तिथूनच सुरू होतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार निःशुल्क झाले. चांगलंच झालं. पण पैसे लागत होते तेव्हा लोक जुना केसपेपर पिशवीत जपून आणायचे. आता “नवीन काढून द्या ना” म्हणतात. त्यात त्यांचं चुकत नाही, जपायला सांगणं आपलं काम.

मग कोणी म्हणेल, आता आभा कार्ड, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळखपत्र आहे, १४ अंकी नंबर आहे, क्यूआर कोड स्कॅन केला की माहिती आपोआप भरते. भरते, आणि मी त्याच्या बाजूचीच आहे. फक्त कार्डाला जोडलेला मोबाईल कोणाचा ते बघा. कधी मुलाचा, जो पुण्याला कामाला आहे, कधी गावातल्या आशाताईचा. मोबाईल नंबरावरून शोधलं तर अर्धं गाव एका ओळीत उभं राहतं. नदीपलीकडून, आदिलाबादकडून येणाऱ्यांचं आडनाव आधी आणि नाव नंतर असतं. झरी-मारेगावकडच्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या माणसाला पत्त्यात नुसतं गाव विचारून चालत नाही, पोड विचारावा लागतो. हे कुठलंही मशीन स्वतःहून विचारत नाही.

बाळंतपणाच्या नोंदीत मी सगळ्यात जास्त कडक असते. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बंधनकारक आहे. आईचं नाव खिडकीवर चुकलं की जन्मदाखल्यात चुकतं, मग शाळेत, मग जातीच्या दाखल्यात. त्या बाईला पुढे तहसिलीत किती खेटे पडतील, याचा हिशेब आपल्या रजिस्टरात कुठेच येत नाही.

इमर्जन्सीला मात्र हे सगळं बाजूला. साप चावलेला, अपघातातला, बेशुद्ध माणूस आला की ‘अनोळखी पुरुष’, वेळ, अंगावरची खूण, कोणी आणलं, एवढं लिहा आणि आत पाठवा. फवारणीच्या दिवसांत एक प्रश्न तरीही विचारा: औषधाचा डबा आणला का? २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे कोणी विसरलेलं नाही. प्रत्येक कीटकनाशकावरचा उपचार सारखा नसतो, डब्यावरचं नाव डॉक्टरांना हवं असतं. डबा घरी असेल तर सोबतच्या माणसाला फोनवर फोटो मागवायला लावा. आणि विष फवारताना लागलं की घेतलं, याची चौकशी खिडकीवर करायची नाही. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात.

सुपरवायझरनं दिवसभर करायचं काय? गर्दीच्या वेळी केबिनमध्ये बसायचं नाही, रांगेच्या मध्यावर उभं राहायचं. फॉलोअपचे वेगळे काढायचे, म्हातारे आणि गरोदर बाया पुढे घ्यायच्या. दुपारी त्या दिवसाच्या नवीन नोंदी चाळून दुबार नावं शोधायची. दोन नोंदी जोडताना नातेवाइकाशी बोलल्याशिवाय जोडायच्या नाहीत, कारण दोन माणसं एकाच नंबरात गेली तर ते दुबार नोंदीपेक्षा वाईट. वीज गेली की छापील कोरे केसपेपर आणि वही तयार हवी, आणि वीज आल्यावर वहीतलं त्याच दिवशी चढवायचं. उद्यावर टाकलं की ते राहिलंच.

एक तक्रार करून थांबते. आपल्या बहुतेक खिडक्यांना काच आणि त्याला खाली अर्धगोल भोक असतं. म्हातारी वाकते, ऐकू येत नाही, क्लार्क ओरडतो, “काय होते आजी?”, आणि आजी तितक्याच मोठ्यानं आपला आजार सगळ्या रांगेला सांगते. आम्ही एका खिडकीची काच काढून बाजूला स्टूल ठेवलं. रांग थोडी हळू चालते. कोणी विचारलं तर मी सांगते, चालू द्या.