उरलेल्या मुदतीचे मुख्यमंत्री

अध्यक्षमहाराज, आणि दिवसभराचं ऊन सोसून संध्याकाळी इथं येऊन बसलेल्या सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘निवडणुकीच्या तोंडावर सत्ताधारी पक्ष नेता बदलतो तेव्हा लोक काय म्हणतात?’ संयोजकांनी पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत. लोक काय म्हणतात हे निकालाच्या आकड्यांवरून सांगायची पद्धत पडली आहे. पक्ष जिंकला, म्हणजे लोकांनी बदल स्वीकारला. हरला, म्हणजे नाकारला. मला हे पटत नाही. निकालाला शंभर कारणं असतात. लोकांची खरी प्रतिक्रिया ऐकायची तर बदल झाला त्या दिवशी आणि निवडणूक संपल्यानंतरच्या पंधरवड्यात कान उघडे ठेवावे लागतात. मी ती एकदा फार जवळून ऐकली आहे, या आपल्याच गावात. आधी ते सांगतो.

माझी सगळी नोकरी न्यायालयाच्या आवारात गेली. कारकून म्हणून लागलो, शेवटी नाझर म्हणून बाहेर पडलो. जानेवारी २००३ मध्ये विलासराव देशमुखांनी राजीनामा दिला आणि १८ तारखेला सुशीलकुमार शिंदे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. शिंदेसाहेबांचा प्रवास इथल्या माणसाला वेगळा सांगायला नको. सोलापूरच्या न्यायालयात शिपाई, मग पोलीस उपनिरीक्षक, १९७४ साली करमाळ्यातून आमदार, पुढं अर्थमंत्री म्हणून नऊ अर्थसंकल्प. महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री. त्या दिवशी आमच्या आवारात जे झालं ते कुठल्या वर्तमानपत्रात आलं नसेल. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी चौकात फटाके वाजवले, ते ठीक. ते कोणीही झालं तरी वाजवतात. पण आमच्याकडं एक पट्टेवाला होता. निवृत्तीला आलेला. पक्षकारांचा पुकारा करणं हे त्याचं काम. आवाज असा की आवाराबाहेर टपरीवर चहा पीत बसलेला साक्षीदारसुद्धा धावत यावा. तो पुढच्या कामाच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा गणवेश घालून आला. कमरेचा लाल पट्टा धुतलेला, पितळी बिल्ला चिंचेनं घासून लख्ख केलेला. कुणी सांगितलं नव्हतं, तपासणी नव्हती. त्यानं पेढे वाटले नाहीत की भाषण केलं नाही. एवढंच म्हणाला, “आता पोरांना सांगता येईल.”

काय सांगता येईल, हे आम्ही त्याला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

मंडळी, राजकीय अभ्यासक याला ‘प्रतीकात्मक नियुक्ती’ म्हणतात आणि पुढं जातात. मला त्यांना सांगायचंय की तो बिल्ला मी पाहिलाय. ती प्रतिक्रिया खरी होती. लोकांना पक्षाचा हिशोब कळत नव्हता असं नाही. दोन वर्षांच्या आत निवडणूक आहे, अंतर्गत भांडणं विकोपाला गेलीत, म्हणून हा बदल, हे त्या पट्टेवाल्यालाही कळत होतं. हिशोब कळूनही आनंद होऊ शकतो. गरिबाला तेवढा पोच असतो.

आता त्याच दिवसाची दुसरी गोष्ट. आपल्या पूर्व भागातला, तेलुगूभाषक, यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेला एक वयस्कर गृहस्थ घराच्या भाडेकरारावरून चाललेल्या दाव्यासाठी आमच्याकडं खेटे घालायचा. तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “साहेब, हे आमच्याकडं होऊन गेलंय. संजीवय्या.” मला नाव ऐकून माहीत होतं, तपशील माहीत नव्हता. त्यानं उभ्या उभ्या सांगितला. दामोदरम संजीवय्या, कर्नूल जिल्ह्यातले, जानेवारी १९६० मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. या देशातल्या कोणत्याही राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री. १९६२ च्या सुरुवातीला निवडणूक झाली, काँग्रेसनं ती जिंकली. आणि मार्चमध्ये मुख्यमंत्री कोण झालं? नीलम संजीव रेड्डी. संजीवय्यांना दिल्लीला नेलं, काँग्रेसचं अध्यक्षपद दिलं. मोठं पद, मान मोठा, पण राज्याची खुर्ची गेली ती गेली. “तुमच्या साहेबांचं असं नको व्हायला,” एवढं बोलून तो पुढची तारीख घेऊन निघून गेला.

ऑक्टोबर २००४. विधानसभेची निवडणूक झाली, प्रचार शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झाला. राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९, शिवसेना ६२, भाजप ५४. सत्ता राखली. त्याच वर्षी मे महिन्यात लोकसभेला आपल्या सोलापुरात उज्ज्वलाताई शिंदे यांचा पराभव झाला होता, हेही विसरू नका. म्हणजे आपण सोलापूरकर काही डोळे मिटून मत देणारे नव्हतो. मुख्यमंत्री आपला याचा अभिमान वेगळा ठेवला, मत वेगळं ठेवलं. पण राज्य राखलं गेलं होतं, आणि साध्या माणसाच्या मनात प्रश्नच नव्हता की आता पुढची पाच वर्षं शिंदेच. राष्ट्रवादीच्या जागा जास्त असूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडं आलं, त्या बदल्यात राष्ट्रवादीला जास्तीची मंत्रिपदं मिळाली. पंधरा दिवस घासाघीस चालली. १ नोव्हेंबरला शपथ घेतली विलासराव देशमुखांनी. ज्यांना बदललं होतं त्यांनीच. आणि शिंदेसाहेबांना राज्यपाल म्हणून पाठवलं, ते नेमकं आंध्र प्रदेशात.

विलासरावांबद्दल माझी तक्रार नाही. वक्तृत्व, प्रशासनावरची पकड, सगळं होतं. माझी तक्रार पद्धतीबद्दल आहे. त्या पंधरवड्यात आवारात फटाके नव्हते, निषेध नव्हता, काहीच नव्हतं. पट्टेवाला तोवर निवृत्त झाला होता. पेन्शनच्या कागदासाठी आला तेव्हा मीच विषय काढला. तो म्हणाला, “निवडणूक होईपर्यंतच होतं होय ते?” त्यानं कुणाला शिव्या दिल्या नाहीत. नुसतं विचारलं. ही लोकांची प्रतिक्रिया. ती कुठल्या मतपेटीत पडली, कुणाच्या खात्यावर जमा झाली, कोण मोजणार?

तेव्हापासून मी या एकाच गोष्टीच्या मागं लागलोय. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या खुर्ची मिळाली नाही, त्यांच्या वाट्याला ती येते तेव्हा बहुतेक वेळा उरलेली मुदत येते. पंगत उठत आल्यावर पाट मांडल्यासारखी. आणि यात कुठलाही एक पक्ष नाही, सगळे आहेत. कृपा करून कोणी याला एका झेंड्याचं भाषण समजू नये.

दिल्ली, १९९८. कांदा कडाडला होता. लासलगावचा बाजार दिल्लीचं सरकार पाडू शकतो हे तेव्हा देशाला कळलं. भाजपनं साहिबसिंग वर्मा यांना बदलून ऑक्टोबरमध्ये सुषमा स्वराज यांना आणलं. दिल्लीच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. किती दिवस? बावन्न. एवढ्या कर्तबगार बाईला बावन्न दिवस, आणि समोर कांद्याचा भाव. भाजप ४९ वरून १५ वर आला, काँग्रेसला ५२ जागा मिळाल्या. दिल्लीकर बाईंवर रागावले नव्हते. भाजी घेताना रोज जो राग येत होता तो शपथविधीनं जात नव्हता, इतकंच.

बिहार, २०१४. लोकसभेतल्या पराभवाची जबाबदारी घेऊन नितीशकुमार बाजूला झाले आणि जीतनराम मांझी यांना बसवलं. दलितांतही सगळ्यात मागं राहिलेल्या मुसहर समाजातला माणूस मुख्यमंत्री! पुढच्या वर्षी निवडणूक यायची तर फेब्रुवारीतच त्यांना उठायला सांगितलं. त्यांना उरलेली मुदतसुद्धा पूर्ण दिली नाही.

पंजाब, सप्टेंबर २०२१. कॅप्टन अमरिंदर सिंग गेले, चरणजितसिंग चन्नी आले. ज्या राज्यात जवळपास तिसरा हिस्सा लोकसंख्या दलित आहे तिथले पहिले दलित मुख्यमंत्री, तेही राज्य स्थापन झाल्यावर कैक दशकांनी. आचारसंहिता लागेपर्यंत एकशे अकरा दिवस. त्यात त्यांनी घरगुती विजेचा दर युनिटमागं ३ रुपयांनी कमी केला. पण साडेचार वर्षांची नाराजी एकशे अकरा दिवसांत कशी फिटणार? ११७ पैकी काँग्रेसला १८, आम आदमी पक्षाला ९२. चन्नी स्वतः चमकौर साहिब आणि भदौड या दोन्ही जागी हरले. लगेच विश्लेषण आलं, ‘दलित चेहरा चालला नाही.’ मला याचा फार राग येतो. चालला नाही तो चेहरा नव्हे. ज्या कारभाराची उत्तरं द्यायला तो चेहरा उभा केला, तो कारभार चालला नाही. पण नापास म्हणून नोंद कुणाच्या नावावर झाली? आणि पुढच्या वेळी त्याच समाजातला दुसरा कोणी दावा सांगेल तेव्हा हीच नोंद त्याच्यापुढं टाकली जाईल.

दिल्ली पुन्हा, सप्टेंबर २०२४. केजरीवाल यांच्या जागी आतिशी आल्या. सूत्रं घेताना त्यांनी आपल्या शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली, केजरीवालांसाठी, आणि भरताचा दाखला दिला. टीव्हीवर ते पाहताना माझी सून, जी राजकारणावर कधी बोलत नाही, ती म्हणाली, “मग या कशाला बसल्या?” फेब्रुवारीत पक्ष हरला, भाजप ४८ आणि ‘आप’ २२. आतिशी स्वतः कालकाजीतून निवडून आल्या, हे लक्षात घ्या.

कोणी म्हणेल, मायावती? अगदी बरोबर. २००७ साली उत्तर प्रदेशात त्यांनी स्वतःच्या बहुमतावर सरकार आणलं आणि पूर्ण पाच वर्षं चालवलं. पण पक्ष त्यांचा होता. त्यांना कोणी बसवलं नव्हतं, म्हणून उठवलंही नाही. माझा मुद्दा त्यानं पक्काच होतो.

या विषयावर बोलताना बाबासाहेब भोसल्यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. अंतुले गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये ते अचानक मुख्यमंत्री झाले, वर्षभरानं तितक्याच अचानक गेले, वसंतदादा आले. त्यांच्या नावावर सांगितलं जातं की ते म्हणायचे, मुख्यमंत्रिपद काढून घेतलं, पण ‘माजी मुख्यमंत्री’ हे पद आता कुणाच्या बापाला काढून घेता येणार नाही. (हशा) हसलात ना? छान माणूस होता. पण त्या विनोदात जो माणूस बोलतोय त्याला कुणी विचारून बसवलं नव्हतं आणि विचारून उठवलंही नव्हतं, हे हसून झाल्यावर ध्यानात येतं.

अध्यक्ष घड्याळाकडं बघतायत. मूळ विषय राहिलाच आहे, दहा मिनिटांत उरकतो.

लोक बदलाला मुळात विरोध करत नाहीत. कारण दिसलं की समजून घेतात. २००८ साली २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर विलासराव गेले, अशोक चव्हाण आले. का गेले हे पोरासोरांनाही माहीत होतं. २००९ ला काँग्रेसच्या जागा ६९ वरून ८२ झाल्या. मनसेनं घेतलेली मतं हे त्यामागचं मोठं कारण होतं, ते मी नाकारत नाही. पण बदल लोकांना खटकला नाही, हेही खरं. उलट जानेवारी १९९९ च्या अखेरीला मनोहर जोशींना राजीनामा द्यायला लावून नारायण राणेंना आणलं, तो निर्णय ‘मातोश्री’वर झाला. लोकांना तो पक्षाच्या घरातला मामला वाटला. विधानसभा मुदतीआधीच निवडणुकीला सामोरी गेली, राणेंना कारभाराला आठ-नऊ महिने मिळाले. सेना ६९, भाजप ५६, आणि वेगवेगळे लढलेले काँग्रेस-राष्ट्रवादी निकालानंतर एकत्र आले.

गुजरातचं उदाहरण माझ्या विरुद्ध जातं. सप्टेंबर २०२१ मध्ये विजय रूपाणी आणि सगळं मंत्रिमंडळच बदललं, धड कारण सांगितलं नाही, आणि पुढच्या वर्षी १८२ पैकी १५६ जागा आल्या. विरोधी मतं फुटली होती, तरीही लोकांनी बदल मान्य केला हे कबूल करतो. पण पुढं काय झालं बघा. भूपेंद्र पटेल निवडणुकीनंतर राहिले. उत्तराखंडमध्ये तर पुष्करसिंह धामी २०२२ ला स्वतः खटीमातून हरले, तरी पक्षानं त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं. स्वतःची जागा हरलेला राहतो आणि राज्य राखणारे शिंदे जातात. हा फरक कशामुळं पडतो, याचं उत्तर प्रत्येक पक्षानं द्यायला हवं.

घटनेच्या १६४ व्या कलमात मुख्यमंत्र्याची नियुक्ती राज्यपाल करतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. दिल्लीहून येणारे निरीक्षक आणि ‘नेता निवडीचे अधिकार श्रेष्ठींना’ हा एका ओळीचा ठराव त्या कलमात कुठंही नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत. निवडणुकीला वर्ष-दीड वर्ष उरलं असताना नेता बदलायचा असेल तर जाणाऱ्यानं सभागृहात उभं राहून कारण सांगावं. येणाऱ्यानं विश्वासदर्शक ठराव मांडावा. आणि जिंकलो तर हाच माणूस पुढंही राहील की नाही, हे पक्षानं मतदानाआधी लेखी जाहीर करावं. २००४ ला शेतकऱ्यांना मोफत विजेची घोषणा झाली ती शिंदे यांच्या काळात, मागं घेतली गेली ती देशमुखांच्या काळात. शब्द कुणाचा आणि जाब कुणाला विचारायचा, हे शेतकऱ्याला कळायला नको?

वेळ संपली. प्रश्नोत्तरांना पाच मिनिटं आहेत असं अध्यक्ष म्हणतात. आपल्या जिल्ह्यातले एक-दोन माजी आमदार समोर बसलेले दिसतायत. त्यांना माझा पहिला प्रश्न, तुमच्यापैकी कुणी त्या एका ओळीच्या ठरावावर सही केली होती का, आणि करताना मतदारसंघात कुणाला विचारलं होतं का?