सोबतीला गेलेली बाई

नमस्कार मायबहिणींनो, आणि ऐकत बसलेल्या भावांनो, तुम्हीही ऐका.

बेटी फोर्ड म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची पत्नी. ऑगस्ट १९७४ मध्ये नवरा त्या पदावर बसला. सप्टेंबरात बेटीबाईंची मदतनीस तपासणीला निघाली, तशा बेटीबाईही तिच्यासोबत गेल्या. आणि गाठ निघाली बेटीबाईंच्याच छातीत! २८ सप्टेंबरला ऑपरेशन झालं, स्तन काढावं लागलं. त्या काळी या कॅन्सरचं नाव तिथंही चारचौघांत कोणी काढत नव्हतं. बाईंनी लपवलं नाही. बातमी वाचून कितीतरी बाया तपासून घ्यायला निघाल्या. फोर्ड यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी निवडलेल्या रॉकफेलर यांच्या पत्नीलाही त्याच महिना-दीड महिन्यात गाठ सापडली.

हीच गोष्ट मी आमच्या गावात संक्रांतीच्या हळदीकुंकवात सांगितली. कापसाचा शेवटचा वेचा चालू होता, बायांच्या बोटांना पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे होते. सगळ्या गेल्या, एक काकू मात्र उंबऱ्याशीच थांबली. सत्तरीला टेकलेली, मुठीत तिळगूळ तसाच.

"पोरी, ते गाठ दुखे काय वं तिची?"

म्हटलं, "काकू, अशी गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "माही बी नाई दुखत."

दिवाळीपासून होती. बोराएवढी. कोणाला सांगितलं नव्हतं. "कोनाले सांगू? लेकाले?"

बायांनो, पुन्हा सांगते. दुखत नाही म्हणून गाठ सोडू नका. दुखत नाही म्हणून सोडू नका.

काकू एकटी जायला तयार नव्हती. मग तिची सून, मी आणि ती, सकाळच्या एसटीनं सेवाग्रामला गेलो, कस्तुरबांच्या नावाच्या दवाखान्यात. केसपेपरच्या खिडकीत विचारलं, पेशंट कोण? काकूनं सुनेकडे बोट केलं! आणि ती सून, किती गुणाची पोर, म्हणाली, "हो, मी बी आन् आत्याबाई बी. दोघींचे काढा." सुनेचं काही निघालं नाही. काकूची गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं.

बेटीबाईंनी पुढं आणखी एक गोष्ट उघड केली. दारू आणि गोळ्यांची सवय. १९७८ मध्ये घरच्यांनी समोर बसवून बोललं, त्यांनी उपचार घेतले, आणि १९८२ मध्ये व्यसनमुक्तीचं केंद्र उभं केलं. आपल्याकडे बसवून बोलायचं तर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर बोलावं. पन्नीत घोटलेला तो खर्रा आता बायांच्याही कमरेला दिसतो, आणि लग्नघरी पाहुण्यांना चहासारखा दिला जातो. मला हे बघवत नाही. देणाऱ्याचा हात धरा.

काकू? आता गावातली कोणी तपासणीला निघाली की काकूची चप्पल आधी पायात. गेल्या आठवड्यात दोघींना घेऊन गेली. खिडकीशी जाऊन स्वतःच म्हणाली म्हणे, "तिघींचे काढा."