टाचेचं रक्त आणि बंद लोकल

2020 चा एप्रिल. मुंबईचं नायर हॉस्पिटल कोविडसाठी राखीव झालेलं, बाकीच्या मोठ्या हॉस्पिटलांतही तीच धावपळ. पण बाळंतपणं काय लॉकडाऊन उठायची वाट बघत नाहीत, आणि त्यातल्या काही बायका एचआयव्ही पॉझिटिव्ह होत्या.

आई पॉझिटिव्ह म्हणजे बाळ पॉझिटिव्हच, असं नसतं हां. काहीच उपचार नसतील तर 100 पैकी 15 ते 45 बाळांना लागण होते, आईच्या गोळ्या चालू असल्या आणि बाळाला औषध वेळेवर मिळालं की हेच प्रमाण 5 च्या खाली येतं. सगळं तारखांवर चालतं. जन्मल्याजन्मल्या नेविरापिनचं सिरप सुरू, ते किमान 6 आठवडे रोज, मग सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घ्यायचे, वाळवायचे आणि लॅबला पाठवायचे. नेहमीची अँटीबॉडी टेस्ट इथे चालत नाही, कारण आईच्या अँटीबॉडीज बाळात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. उशीर परवडत नाही, लागण झालेल्या बाळांना उपचार मिळालेच नाहीत तर जवळपास निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच जातात.

आणि इथे लोकल बंद! नालासोपाऱ्याची बाई तान्हं घेऊन सायनला येणार कशी? नाक्यावर पोलीस विचारणार कुठे चाललात, कागद दाखवा, आणि कागदावर एआरटी सेंटरचा, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राचा शिक्का. त्यापेक्षा अवघड घरात होतं खरं तर. एका खोलीत सगळे चोवीस तास समोरासमोर, सासूला काही माहीत नाही, आणि रोज बाळाला सिरप पाजायचं, कसलं गं औषध म्हणून विचारलं की काय सांगणार? काउन्सेलरने फोन करावा तर मोबाईल दिराच्या हातात. काही जणी तर सरळ गावी निघून गेल्या.

एक गोष्ट बरी झाली, नॅकोने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला सांगितलं. पण ती सोय आईपुरती. टाचेचं रक्त काय पाकिटात घालून घरी देता येत नाही, त्यासाठी बाळाला आणावंच लागतं, सहाव्या आठवड्यात आणि पुढेही, शेवटची टेस्ट 18 महिन्यांची.

एप्रिल 2020 मध्ये जन्मलेल्या बाळाचे 18 महिने भरले ऑक्टोबर 2021 मध्ये. तेव्हा लोकल चालू होती, पण सर्वसामान्यांना चढायचं तर लसीचे दोन्ही डोस होऊन 14 दिवस झालेले हवे होते.