चौरसाचा आयत

स्क्रीनवर हे करडं, सपाट दिसतंय ना, तो क्रिस्टल आहे, नखाएवढाही नाही. बेरियम, लोखंड आणि आर्सेनिक, नाव बेरियम आयर्न आर्सेनाइड. पोलराइज्ड लाइटच्या मायक्रोस्कोपखाली ठेवलाय आणि आत्ता तरी त्याच्यावर एक रेघसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा बनतो कसा ते आम्ही चार दिवस शूट केलंय. ही मुलगी डोंबिवलीहून येते, पीएचडीचं पाचवं वर्ष. आर्सेनिक विषारी, म्हणून वजन करणं वगैरे सगळं या काचेच्या पेटीत, आर्गॉनमध्ये, हे जाड काळे हातमोजे घालून. नुसतं आर्सेनिक तापवलं तर ६१४ अंशांच्या आसपास त्याची थेट वाफ होते आणि बंद ट्यूब फुटू शकते, म्हणून आधी हळूहळू लोखंडाशी त्याचं जुळवून द्यायचं आणि मग त्या आयर्न आर्सेनाइडच्याच रसात बेरियम विरघळवायचं. इथे क्वार्ट्झची ट्यूब ज्योतीवर सील होतेय, तिचा हात बघा, जरासुद्धा हलत नाहीये. मग फर्नेस, ११८० अंशांच्या आसपास, आणि तिथून खाली उतरायचं ते तासाला २ अंश. घाई केली की क्रिस्टल बारीकच राहतात. रात्री ११ वाजता फर्नेसच्या लाल आकड्यासमोर बसून ती डबा खातेय, तेवढाच शॉट आम्ही जसाच्या तसा ठेवलाय.

तर परत मायक्रोस्कोप. बाहेर कुलाब्यात जुलैचा पाऊस, आणि या हवेत थंड काचेवर लगेच दव धरतं म्हणून क्रिस्टल व्हॅक्यूममध्ये आहे आणि खिडकीवर सतत कोरडा नायट्रोजन सोडलाय. हा पांढरा धूर ड्युअरचा, म्हणजे लिक्विड नायट्रोजनच्या थर्मासचा. लिक्विड नायट्रोजन म्हणजे उणे १९६ अंश, आपल्याला एवढ्या खाली जायचंच नाहीये, महागडं हेलियमही नको. उणे १००. उणे १२०. उणे १३०.

"सर, आल्या!"

"टेबलाला हात लावू नकोस."

रेघा बघा. सतरंजीच्या पट्ट्यांसारख्या, पण एकेक पट्टा केसाच्या जाडीचा किंवा त्याहून बारीक. उणे १३३ अंशांजवळ हे होतं. या क्रिस्टलमध्ये लोखंडाचे अणू थरांत बसलेले असतात, प्रत्येक थर म्हणजे चौरसांची जाळी, आणि इथे आल्यावर ती जाळी एका बाजूने ताणते, दुसऱ्या बाजूने आखडते, चौरसाचा आयत होतो. फरक १ टक्क्याहूनही कमी! काही भाग इकडे ताणतो, शेजारचा तिकडे, म्हणून पट्टे. लॅबमध्ये त्यांना ट्विन म्हणतात.

लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा मॅग्नेट, आणि जवळजवळ त्याच क्षणी हे मॅग्नेटही रांग धरतात, लांब बाजूने एकाचं तोंड इकडे तर पुढच्याचं तिकडे, आखूड बाजूने मात्र सगळे एका दिशेला. हे कॅमेऱ्यात येत नाही, त्याला क्रिस्टलवर न्यूट्रॉनचा झोत सोडावा लागतो. लँथॅनमवाल्या भावंडात, लँथॅनम आयर्न आर्सेनिक ऑक्साइडमध्ये, २००८ साली न्यूट्रॉननेच दिसलं की जाळी उणे ११८ च्या आसपास बदलते आणि मॅग्नेट नंतर, उणे १३६ ला. म्हणजे जाळी ढकलते आणि मॅग्नेट मागून येतात? इतकं सोपं नाही ते. २०१० मध्ये स्टॅनफर्डला क्रिस्टल हलकेच दाबून सगळे पट्टे एका दिशेला लावले आणि रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजला, तर आखूड बाजूने जास्त भरला, आणि दोन बाजूंतला फरक एवढ्याशा ताणाने पडेल त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा. म्हणून बरेच जण मानतात की दिशा आधी इलेक्ट्रॉन ठरवतात, जाळी फक्त त्यांच्यामागे जाते. मलाही हेच पटतं.

बेरियमच्या जागी थोडं पोटॅशियम घातलं की हे दोन्ही बदल दबतात आणि उणे २३५ अंशांना हाच पदार्थ सुपरकंडक्टर होतो, म्हणजे रेझिस्टन्स थेट शून्य, सगळीकडे नाव त्याचंच होतं. लोखंड म्हटलं की सुपरकंडक्टिव्हिटी मोडणारच असं समजायचे, २००८ मध्ये तोक्योच्या होसोनो यांच्या गटाने ते खोटं ठरवलं. पण त्या मूळ पदार्थाकडे, या पट्ट्यांकडे, थांबून कोणी बघत नाही, आणि मला ते खटकतं.

आता गरम करतोय. उणे १३५, १३४... पट्टे पुसट झाले. गेले. परत करडं, सपाट. ती रजिस्टरमध्ये आकडा लिहितेय. पुढचा क्रिस्टल कोबाल्ट घातलेला आहे, त्यात जाळी आणि मॅग्नेट दोघांच्या वेळा वेगळ्या पडतात. ड्युअर अजून अर्धा भरलेला आहे.