पारदर्शक डोक्याचा मासा

या माशाच्या तोंडाच्या वर दोन काळे ठिपके दिसताहेत ना, ते डोळे नव्हेत. त्या नाकपुड्या आहेत. खरे डोळे डोक्याच्या आत आहेत: पारदर्शक घुमटाखालच्या त्या दोन हिरव्या, वर रोखलेल्या नळ्या.

मॅक्रोपिना मायक्रोस्टोमा. उत्तर प्रशांत महासागरात साधारण 600 ते 800 मीटर खोल राहणारा, वीतभरही नसलेला मासा. 1939 पासून तो शास्त्राला ठाऊक आहे. पण जाळ्यातून वर येईपर्यंत नाजूक घुमट फाटून जायचा, म्हणून जुन्या चित्रांत घुमट नाहीच. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी पाण्याखालच्या यंत्राच्या कॅमेऱ्यातून तो शाबूत पाहिला आणि आतले डोळे वरून पुढे फिरतात, हे 2008 मध्ये मांडलं. काचेत घडवण्यासाठी याहून सुंदर डोकं शोधून सापडणार नाही.

सोलापुरातल्या या टेबलावरून समुद्र गाठायचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे काचकारागीर लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का हे बापलेकही समुद्रापासून दूरच राहत. 1863 पासून लिओपोल्डनं काचेचे समुद्री जीव घडवले, पुढे रुडॉल्फही सोबतीला आला; ते सुरुवातीला पुस्तकांतल्या चित्रांवरूनच.

टेबलावरची ही काच बोरोसिलिकेट, प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची असते तीच. बर्नर एलपीजी आणि ऑक्सिजनवर चालतो. धडासाठी 30 मिलिमीटर व्यासाची, 2 मिलिमीटर जाडीची नळी. डोळ्यांसाठी हिरवा रंग शोधताना हात पहिल्यांदा बांगडीच्या काचेकडे जातो. चुड्याचा हिरवा रंग अगदी जुळतो. पण ती सोडा काच. तापल्यावर ती बोरोसिलिकेटच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. ज्योतीत दोन्ही एकजीव झाल्यासारख्या वाटतात आणि थंड होताना जोडाशीच टक्कन तडकतात. हिरवी सळईही बोरोसिलिकेटचीच लागते.

डोळे आधी, घुमट नंतर. नळीच्या पुढच्या भागाची वरची बाजू मऊ करून ग्रॅफाइटच्या पट्टीनं दाबायची, ओंजळीसारखा खोलगटपणा येईपर्यंत. त्यात 7 मिलिमीटर सळईचे दोन आखूड तुकडे उभे जोडायचे, प्रत्येकाच्या माथ्यावर हिरवा थेंब. मग त्यांच्या मागे टंगस्टनच्या सुईनं 3 मिलिमीटरचं भोक पाडायचं. सगळं काम या भोकावर उभं आहे. ते नसेल तर घुमटाखाली हवा कोंडते. तापली की मऊ जोड फुगवून फोडते, निवली की घुमट आत ओढते. भोक असलं की शेपटीकडून फुंकलेला श्वास थेट घुमटात पोचतो.

घुमट वेगळा फुगवायचा, कडा ओंजळीच्या मापाची उघडायची आणि दोन्ही कडा लालसर असतानाच टेकवायच्या. जोडावर ज्योत फिरवत तो वितळू द्यायचा, हलकं फुंकून जाडी सारखी करायची. या टप्प्यावर सगळ्यांत जास्त मासे फुटतात. घुमट बसल्यावर ज्योत डोळ्यांपर्यंत जात नाही. ते भरीव तुकडे आतल्या आत निवतात आणि बुडाशी सुटतात. म्हणून दर काही सेकंदांनी मोठ्या, मऊ ज्योतीत पूर्ण धड शेकायचं, खालच्या बाजूनं.

माशाचे पर शेवटी जोडायचे. बाहेर मे महिन्याचं चाळिशीपारचं ऊन असलं तरी टेबलाजवळचा पंखा बंद. एका बाजूनं आलेला वाऱ्याचा झोतही पातळ पर तडकवायला पुरतो. धूर ओढणारा पंखा मात्र चालूच.

इथून थेट भट्टीत, काचेतला ताण सावकाश उतरवायला. 565 अंश सेल्सिअसवर तासभर, मग 480 पर्यंत तासाला साधारण 60 अंशांनी उतार, पुढे भट्टी बंद करून रात्रभर. सकाळी दोन पोलरायझर फिल्म (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपनं जाऊ देणाऱ्या) आडव्याउभ्या धरून त्यांच्यामधून डोळ्यांचं बूड बघायचं. तिथे पांढरी चमक दिसली तर ताण उरलाय. मासा पुन्हा भट्टीत.

मांडताना दिवा वरून लावावा, म्हणजे हिरवं भिंग पेटतं. आणि गुंडाळताना सोलापुरी टॉवेल थेट लावू नये. त्याच्या धाग्यांच्या फाशांत पराचं टोक अडकतं. आधी मलमल, मग टॉवेल.