पगडी आणि परमिट

[दृश्य : गिरगावातली जुनी चाळ. जिन्याखाली लावलेले लाकडी टेकू.]

या खोलीचं महिन्याचं भाडं सिनेमाच्या एका तिकिटाहून कमी आहे. पण खोली घ्यायची म्हटलं, की बोलणी लाखांतच सुरू होतात. हा चमत्कार कळायला थोडं मागं जावं लागेल.

मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार होतं, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. त्या सरकारनं १९४७ मध्ये भाडेनियंत्रण कायदा केला आणि १९४९ मध्ये दारूबंदीचा. दोन्हींमागचा हेतू नेक होता, त्यात शंका नाही. महायुद्धानं महागाई भडकली होती, फाळणीचे निर्वासित येत होते. म्हणून भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला.

भाडं वाढवायचं नाही, भाडेकरू काढायचा नाही. मालकानं मग वाट काढली. खोली देतानाच एकरकमी रोख घ्यायची, बिनपावतीची. तीच पगडी. पुढे भाडेकरू खोली सोडताना नव्या माणसाकडून पगडी घेऊ लागला आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देऊ लागला. तो पोचला, की भाडेपावतीवर नाव बदलायचं. कायद्यानं हा गुन्हा होता. तरी सगळ्या शहराला दर तोंडपाठ! शेवटी १९९९च्या नव्या कायद्यानं पगडी घेणं रीतसर केलं.

मिळणाऱ्या भाड्यातून जिन्याला रंगही लागत नव्हता, मग डागडुजी कोण करणार? १९६९ मध्ये सरकारनं त्यासाठी उपकर बसवला, दुरुस्ती मंडळ नेमलं. आजही दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते आणि यादीतली माणसं तिथंच राहतात. एकदा खोली सोडली तर परत मिळेल, याची खात्री कोण देणार? ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसं गेली.

[दृश्य : खाडीकाठची झुडपं. एक गंजलेलं पिंप.]

दारू बंद झाली, पिणं नाही. काळा गूळ, नवसागर आणि झाकलेलं पिंप. एवढ्यावर भट्टी लागायची. माल टायरच्या ट्यूबमधून शहरात यायचा आणि घरातच चोरून दारू विकणाऱ्या ‘आंटी’च्या अड्ड्यावर ग्लासानं विकला जायचा. ज्याला डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळवता यायचं, त्याला प्रकृतीच्या कारणावरून परमिट मिळे. गिरणी कामगाराच्या वाट्याला हातभट्टी आणि पोलिसांची धाड. व्हीटी स्टेशनवर हमाली करणारा वरदराजन मुदलियार याच धंद्यावर मुंबईचा मोठा डॉन झाला. व्यसनी माणूस दवाखान्याऐवजी लॉकअपमध्ये पोचत राहिला, आणि माझ्या मते बंदीचं सगळ्यात मोठं अपयश हेच.

साठच्या दशकात बंदी सैल झाली, पुढे देशी दारूची सरकारमान्य दुकानं आली. कायदा मात्र कागदावर जिवंत आहे. आजही नियमाप्रमाणे विदेशी दारू (यात इथंच बनलेली व्हिस्की-रमही आली) प्यायची तर परवाना हवा. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. मागतो कोण, हा भाग वेगळा. दुकानातली दारू करांमुळे महाग, म्हणून स्वस्त आणि बेभरवशाच्या दारूला गिऱ्हाईक उरलंच. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. दारूत मिथेनॉल हे विषारी रसायन होतं.

[दृश्य : चाळ पाडलेल्या जागेवरचा टॉवर.]

चाळींचं आता काय होतं? विकास नियमावलीतल्या ३३(७) कलमाखाली बिल्डर उपकरप्राप्त, म्हणजे तो दुरुस्तीचा उपकर लागू असलेली जुनी इमारत पाडतो. जुन्या भाडेकरूला किमान तीनशे चौरस फुटांचं घर फुकट द्यावं लागतं. त्या बदल्यात बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम करायची परवानगी मिळते, त्यावर विक्रीचे फ्लॅट उभे राहतात. फुकट घरांचा खर्च या फ्लॅटच्या दरातून वसूल होतो. म्हणजे १९४०च्या पातळीवर गोठवलेल्या भाड्याची फेड आज तिथं कर्ज काढून फ्लॅट घेणारा करतो. त्या भाडेकरूला त्यानं कधी पाहिलेलंही नसतं.