लकव्यानंतरचा खोकला आणि फुंकण्याचा व्यायाम

मंडळी, लकवा झाला की घरचे हात-पाय हलतात का ते बघतात. खोकल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण पाण्याचा घोट श्वासनलिकेत शिरला, तर तो बाहेर फेकायला खोकलाच लागतो. आधी खोल श्वास, मग स्वरतंतू मिटून आत दाब कोंडायचा, मग झटक्यात सोडायचा. लकव्यात पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू दुबळे झाले की हा झटकाच बसत नाही. काहींना तर ठसकाही लागत नाही. घास गुपचूप फुप्फुसात उतरतो. म्हणून ‘बाबांना ठसका लागत नाही’ यावर निर्धास्त राहू नका.

खोकल्याचा हा झटका परत यावा म्हणून जोरात फुंकण्याचा व्यायाम करतात. त्यासाठी लोक मेडिकलमधून तीन छोट्या चेंडूंचं यंत्र आणतात. ते श्वास आत ओढायचं, आणि खोकल्याला जोर लागतो सोडायचा. उलटं धरून फुंकलं तर चेंडू उडतात, ताकद वाढेल इतका अडथळा मिळत नाही. बाटलीत नळी बुडवून बुडबुडे काढायचे? नळी 10 सेंमी बुडाली तर दाब 10 सेंमी पाण्याइतकाच. शिवाय तहानलेला माणूस तेच पाणी ओढतो. गिळायला त्रास असलेल्याला हे देऊच नका.

हवं ते स्प्रिंगच्या झडपेचं यंत्र. ठरवलेला दाब गाठल्याशिवाय त्याची झडप उघडत नाही. काही यंत्रांत हा दाब 150 सेंमी पाण्याइतका वाढवता येतो. रुग्ण फुंकून जास्तीत जास्त जितका दाब देऊ शकतो, त्याच्या साधारण 75 टक्क्यांवर फिजिओथेरपिस्ट ते लावून देतात आणि दर आठवड्याला पुन्हा तपासतात. हे राहून गेलं की पुढे नुसती हवा फुंकणं होतं.

ताठ बसवा, नाकाला चिमटा लावा. खोल श्वास, ओठ घट्ट, मग जोरात आणि छोटी फुंकर. लांबवत फुंकलं तर चक्कर येते, ताकद वाढत नाही. पाच फुंकरींचा एक संच, असे पाच संच. आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे. दोन फुंकरींमध्ये दम खाऊ द्या. तोंड वाकडं झालेलं असेल तर हवा लुळ्या बाजूच्या ओठांतून निसटते आणि घरच्यांना वाटतं, जोरच नाही. तो गाल आणि ओठ बोटांनी दाबून धरा.

जोरात फुंकताना हनुवटीखालचे स्नायूही कामाला लागतात. घास गिळताना कंठ वर उचलतात ते हेच. तरी फुंकण्याची ताकद वाढली म्हणून खोकल्याला आणि गिळण्याला फायदा सगळ्यांत सारखा दिसत नाही.

रक्तदाब आटोक्यात नसेल, मेंदूत नुकताच रक्तस्राव झाला असेल, हर्निया असेल, पोटाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

जेवणाचंही बघा. आपल्या जळगाव-धुळ्याकडची शेवभाजी अशा रुग्णाला अवघड: पातळ रस्सा आधी घसरतो, शेव तोंडात राहते. कोरडी बट्टी आणि कळण्याच्या भाकरीचा चुरा तर नकोच. घट्ट वरणात कुस्करलेला मऊ भात बरा, पण तोही गिळणं तपासून घेतल्यावरच. भरवताना ताठ बसवा, जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका, आणि तोंड दोन वेळा स्वच्छ करा. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा ताप, धाप वाढली असेल, तर व्यायाम आणि तोंडाने भरवणं दोन्ही थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.